कांता बहनजीच्या चादरी

भिलाईत तेव्हा प्लांट उभा होऊन राहिला होता, आन् पोरींचं कॉलेज नवंनवं निघालं होतं. तिथं कबड्डी शिकवाले कांता बहनजी आली. नागपुराहून, एकटी. तिशी उलटलेली, आन् गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी! सेक्टर सहाच्या शकुबाईले ती पहिल्या दिवसापासूनच खटकली.

आता बहनजीले शकुबाईची पोरगी नलू रायपूरले सामन्यासाठी न्याची होती. दोन दिवस मुक्काम.

"मी नाही धाडत," शकुबाई नवऱ्याले म्हणाली. "मैदानाभोवती चादरी बांधते ते बाई. आपल्या पलंगावरची पण नलू घेऊन गेली. काम सरळ असतं तर पडदा कायले लागते?"

तेजरामनं भाताचा घास गिळला. "मंग जाऊन पाह्य ना. माह्यं डोकं कावून खाते?"

गेली. बांबूंना घराघरांतल्या चादरी बांधलेल्या, आन् आतून "धर! पाड तिले!" शकुबाईनं दोन चादरींच्या फटीले डोळा लावला, तर मागून आवाज आला.

"चोरून कायले पाहता, मावशी?" बहनजीच ती.

"खरं सांग बाई, पडद्यामागं काय धंदा चालते?"

"धंदा तिकडं आहे." बहनजीनं रस्ता दाखवला. कामाची पाळी सुटली होती. प्लांटातले गडी सायकली थांबवून, एक पाय जमिनीवर टेकून, माना लांब करून उभे. "हवेनं ही चादर सुटली. धरा. तोंड रस्त्याकडं, पाठ पोरींकडं."

शकुबाईनं धरली. समोर तिच्याच घरी रोज चहा पिणारा श्यामराव!

"काहो भाऊजी, घर विसरले का?"

श्यामरावनं असं पायडल मारलं का बस. त्याच्यामागं बाकीचेही पांगले.

तेवढ्यात पाठीमागं नलूचा दम ऐकू आला, "कबड्डी, कबड्डी..." मंग धप्पकन आवाज. शकुबाईनं गर्रकन पाहिलं. चार जणी नलूच्या अंगावर, आन् नलूचा हात मधल्या रेघेपासून वीतभर दूर. दम मात्र चालूच.

"सरक नले! सोडू नको!" शकुबाई वरडली. चादर गेली मातीत.

नलूचं बोट रेघेले लागलं.

"मावशी, चादर!" बहनजीनं शिट्टी फुंकली.

घरी तेजरामनं विचारलं, "काय सापडलं मंग?"

"काही नाही. बाई लय पक्की आहे, एका दिवसात सापडाची नाही." शकुबाईनं पेटीतून लुगडं काढलं. "मी पण चालली रायपूरले. पाळत ठेवाले."