ताटातला बांध

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सारोळ्याच्या शाळेत तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी तांब्यानं पाणी पीत होतो, तेवढ्यात दारात मारुती दिसला. मारुती माझा आतेभाऊ, उत्रोलीहून आलेला. मुंडासं डोक्यावर नव्हतं, हातात होतं. त्यावरूनच काय ते कळलं. "दादा, आई गेली," तो म्हणाला. "चार दिस ताप आला, त्याचंच निमित्त झालं." मग मान वर करून म्हणाला, "साखरंनं न्हाई गेली. दोन्ही पायांनिशी गेली." आईच्या मरणाची बातमी देणाऱ्या मुलाच्या आवाजात असा अभिमान मी कधी ऐकला नव्हता. डोळे पुसत त्यानं पंच्यात गुंडाळलेली एक पितळी वाटी माझ्या हातात दिली. "ही तुला द्यायला सांगितलीया. आन् भोरला जायचं इसरू नको, म्हनाली." भोरला कशासाठी, ते पुढे येईलच. आज दीड महिना झाला. आता लिहायला हात धजतो आहे.

माझ्या वडिलांना, आबांना, मधुमेह होता. भाताच्या खाचरात पायाला काटा बोचला, साधी जखम झाली आणि ती भरलीच नाही. पाय काळा पडत वर वर गेला. डॉक्टर कापू म्हणाले, आबा नको म्हणाले, आणि शेवटचे दोन महिने मारुतीची आई, काशीआत्या, आमच्या घरी राहून भावाचा तो पाय धूत बसली. नाकाला पदर लावला नाही तिनं एकदाही... त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, आवाज मात्र पाटलासारखा. "शंकर, माझ्या मोरीत मुंग्या लागल्यात," ती म्हणाली. आबांच्या लघवीलाही आधी अशाच मुंग्या लागायच्या. ती रडली नाही. "मरायचं काय, समद्यांनाच हाय. पन भावावानी न्हाई मरायची म्या. दोन्ही पाय संगं घिऊन जाईन." पैज लावावी तशी ती हे बोलली, आणि ही पैज तिनं पंधरा वर्षं लढवली.

भोरच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. सुईचं औषध आहे, पण महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. तुमचं वय पाहता आधी ताटापासून सुरुवात करू, म्हणाले. एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली त्यांनी दिली. त्या औषधात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर जपायचं, विटेसारखं लाल झालं तर धोका. आत्याला रोग समजला, पण पथ्य समजलं ते तिच्या पद्धतीनं. तिनं जेवणच सोडलं. आठ दिवस नुसत्या ताकावर राहिली आणि नवव्या दिवशी चक्कर येऊन बांधावरून खाली पडली. डॉक्टर रागावले. "बाई, उपाशी राहून साखर हटत नाही. सगळं खायचं, पण मापानं, आणि एकमेकांना जोडीला घेऊन." घरी आल्यावर तिनं रिकामं ताट पुढ्यात ओढलं आणि बोटानं त्यावर रेघा ओढायला लागली.

उत्रोली भाताचं गाव. तिथे जेवण म्हणजे भाताचा डोंगर, आणि त्यावर ओतलेलं कालवण. आत्यानं ताटाचीच खाचरं पाडली. निम्म्या ताटात भाजी. टाकळा, कुरडू, शेवग्याचा पाला, घरामागच्या परड्यात जे उगवेल ते. उरलेल्या निम्म्याच्या निम्म्यात हुलग्याची उसळ नाहीतर घेवडा, कधीमधी अंडं. आणि राहिलेल्या चतकोरात नाचणीची अर्धी भाकरी किंवा एक वाटी भात. दोन्ही एका वेळी नाही. भाताच्या मापाला ती ही पितळी वाटी घ्यायची. आबांनी कुठल्याशा भाऊबीजेला ती तिला ओवाळणीत घातली होती. सुनेनं, सगुणानं, जरा जास्त वाढलं तर आत्या म्हणायची, "पानी समद्या खाचरांत सारकं खेळाय पायजे, पोरी. एकात तुंबलं की बांध फुटतो." रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून, आरशात तळवे बघायची. तळव्याकडे आरशात बघणारी बाई म्हणून सगळ्या आळीनं तिला हसून घेतलं. ती स्वतःही हसायची आणि पुन्हा बघायची.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. मी मास्तर, तेव्हा वारांचे रकाने पाडून तिच्या जेवणाचा झकास तक्ता केला. आठवडाभर नळी निळी राहायची, आणि दर मंगळवारी विटेसारखी लाल. दोन महिने हे चाललं. माझा संशय सगुणावर. सासूला चोरून गूळ देते की काय! बिचारी तुळशीवर हात ठेवून रडली. शेवटी एका सोमवारी मी उत्रोलीला मुक्काम ठोकला, तर आत्या समोर उकडलेली रताळी, वरीच्या तांदळाची डेगभर भगर आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू घेऊन बसलेली! "आत्या, हे काय?" "आज सोमवार न्हवं का? माझा उपास हाय," ती शांतपणे म्हणाली. "उपासाचं कुठं खान्यात धरत्यात व्हय?" मी तक्ता काढून पाहिला. सोमवारच्या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : उपास. खाली सगळं कोरं! मला इतकी लाज वाटली की मी सगुणाची त्या तुळशीपुढेच माफी मागितली. आत्या मात्र दोन दिवस देवाशी भांडत असावी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हादेवाला सांगितलंया, सोमवारी तुझं नाव घिऊन वाटीनंच खाईन. त्यो काय न्हाई म्हनला न्हाई." पुढच्या मंगळवारी नळी निळी.

तिची खरी कसोटी पाहिली ती शिवरे गावातल्या लग्नात. नातीचं लग्न, पंगतीत लापशी, आणि वरमाई स्वतः आग्रहाला उभी. "आत्याबाई, आमच्या घरचं ग्वाड नाकारता व्हय?" सगळी पंगत थांबली. आत्यानं कमरेच्या पिशवीतून वाटी काढून पानात ठेवली. "नाकारत न्हाई, हितं घाला. निम्मीच. तेवढा भात म्या सोडला." आणि लापशी चवीनं खाऊन वर म्हणाली, "तुमचा मान बी ऱ्हायला, माझा पाय बी." वरमाई आधी चपापली, मग तिनंच हसून भाताचं भांडं पुढे नेलं. पुढे लढाईच्या दिवसांत साखर मिळेना आणि घरोघर कुरकुर सुरू झाली, तेव्हा आत्याला कोण आनंद! "सरकारनं समद्यांनाच माझं पथ्य लावलं की रं!"

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, ती आमची शेवटची भेट. ती अंगणात भात वाळवत अनवाणी नव्हे, वहाणा घालून फिरत होती. सत्तरीला टेकलेली, ताठ. मी गप्पा मारत बसलो आणि ती माझ्याकडे बघत राहिली. निघताना म्हणाली, "शंकर, आल्यापास्नं तीन तांबे पानी प्यालास. भोरला जाऊन ये." मी हसण्यावारी नेलं. हो म्हणालो आणि गेलो नाही.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टरांनी नळी तापवली आणि माझ्यापुढे धरली. विटेचा रंग. मला आबांचा पाय दिसला, त्याचा वास आला, आणि खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. घरी येऊन वाटी हातात घेतली. भावानं बहिणीला दिलेली. बहिणीनं ती पंधरा वर्षं वापरून, झिजवून, भावाच्या मुलाकडे परत धाडली. मग नवा तक्ता आखला. सोमवारचा रकाना सगळ्यांत आधी भरला.

काल सकाळी चुलीतल्या निखाऱ्यांवर नळी धरली. औषध उकळलं. मी श्वास रोखून बघत राहिलो, आणि रंग बदललाच नाही. पन्नाशीचा मास्तर मी, पण नळी तशीच हातात घेऊन अंगणात धावलो आणि उत्रोलीकडे तोंड करून ओरडलो, "आत्या, निळं!"