दादा टीव्हीवर दिसला पाहिजे

आबा गेले त्यानंतरच्या दिवसांत मी सगळ्यात जास्त वेळ कशात घालवला असेल, तर लॅपटॉपचा हब निवडण्यात. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत. घरात माणूस गेलं की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम येतं. चुलतभावाकडे लाकडं, भटजी आणि मंडप आला. काकूकडे चूल आली. माझ्याकडे दादाला टीव्हीवर आणायचं काम आलं.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो कॅनडात असतो. आबांची बातमी कळवली तेव्हा तो फोनवर रडला आणि थोड्या वेळाने म्हणाला की, व्हिसाचे कागद नूतनीकरणाला गेलेत, आत्ता निघालो तर परत आत घेणार नाहीत. असेलही. मी खोलात गेले नाही. अग्नी चुलतभावाने दिला.

मी जळगावच्या पिंप्राळ्यात आईआबांबरोबरच राहते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. दिवसभर मीटिंगा. त्यामुळे स्क्रीन, कॅमेरा, आवाज हे माझं खातं, असं सगळ्यांनी न विचारताच ठरवून टाकलं. वडील गेल्यावर मुलीला काय काम द्यायचं हा प्रश्न असा परस्पर सुटला.

दादाला मोबाइलवर दाखवणं सोपं होतं, पण आईला मोबाइल दिसत नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आबांच्या आजारपणात तिचं ऑपरेशन पुढे पुढे ढकललं गेलं. शिवाय आमच्याकडे नवरा गेलेली बाई गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे दुखवटा उतरेपर्यंत, कोपरा सोडत नाही. आई मधल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली असायची आणि दारावर, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्या बायका तिच्या गळ्यात पडून रडून जायच्या. ती उठून कुठे येणार नव्हती. तेव्हा पुढच्या खोलीतला मोठा टीव्हीच तिच्या समोर आणून ठेवावा लागणार होता.

"तो येत नही ते दिसू तरी दे," एवढंच ती म्हणाली.

कंपनीने दिलेला लॅपटॉप पापडासारखा पातळ. पातळ करायच्या नादात त्याच्या बाजूची सगळी भोकं बुजवून टाकलेली. उरली दोन, दोन्ही एकसारखी, लांबट आणि गोल कडांची. त्यांत ना टीव्हीची वायर बसते, ना इंटरनेटची, ना कॅमेऱ्याची. या सगळ्या वायरी एका ठिकाणी आणून त्या एका भोकात घालणारी जी डबी मिळते, तिला हब म्हणतात. आई तिला डबीच म्हणायची.

पहिला हब मी चुलतभावाला मोबाइलच्या मार्केटातून आणायला सांगितला. दुकानदाराने त्याला "एकदम ओरिजनल" म्हणून जो दिला तो वजनाला काड्यापेटीएवढा. दहाव्याच्या दिवशी मी तो लावला. दादा टीव्हीवर आला. पांढरा सदरा घालून, मागे पांढरी भिंत, डोळे सुजलेले. आईने दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात धुळ्याच्या मामांच्या क्रूझर गाडीतून आलेल्या एका पाहुण्याने त्या हबच्या रिकाम्या भोकात आपला मोबाइल चार्जिंगला लावला. हब आधीच हात लावू देत नव्हता इतका तापलेला. टीव्ही काळा झाला तो झालाच. आईला वाटलं दादाला काहीतरी झालं. तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून मंडपातली माणसं उठून उभी राहिली. पाहुण्याला बोलायची सोय नव्हती. दुखवट्याच्या घरी आलेल्या माणसाला चार्जिंगसुद्धा नाही म्हणता येत नाही. त्याने बिचाऱ्याने आपला मोबाइल काढून घेतला आणि त्यात बघितलं किती टक्के झालं.

त्या दिवशी संध्याकाळी बैठक झाली. गंधमुक्तीच्या दिवशी मामाकडचे लोक मोठ्या मुलाला पागोटं बांधतात. बाप गेला, आता घर याचं, असं चार माणसांसमोर सांगायची ती रीत. धुळ्याचे मामा, आईचे थोरले भाऊ, ते आणणार होते. अग्नी देणाऱ्या चुलतभावाला बांधावं असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं, आणि ते वावगं नव्हतं. सगळं त्यानेच तर केलं होतं. पण आई कोपऱ्यातून एकच सांगत राहिली की मला माझा मुलगा आहे. शेवटी मामांनी तोड काढली. दादा टीव्हीवर येऊन मान लववून बसला तर पागोटं त्याच्यासमोर ठेवायचं आणि तो येईपर्यंत त्याच्या नावाने जपायचं.

"तो समोर ऱ्हायना ते पागोटं त्यानं," मामा म्हणाले. "मधीच गया ते याले बांधसू. मंग कोनी काही बोलानं नही." दादा शेवटपर्यंत समोर राहिला तर पागोटं त्याचं, मधेच गेला तर चुलतभावाला बांधायचं.

म्हणजे आईचा मुलगा तिच्या घरात राहतो की जातो, हे एका डबीवर आलं. निदान मला तसं वाटलं.

मग मी त्या हबच्या मागे हात धुऊन लागले. बाहेर बायका रडत असायच्या आणि मी आत बसून ऑनलाइन दुकानांवरची लोकांची मतं वाचायचे. निम्मे लोक "मस्त वस्तू" म्हणून पाच तारे देतात, कारण डबा उघडून त्यांनी अजून वस्तू लावलेलीही नसते. मी एका ताऱ्याची मतं वाचायला लागले. खरं काय ते तिथे कळतं. कुणाचा हब तापून बंद पडला, कुणाचा टीव्ही दर थोड्या वेळाने डोळे मिटतो, कुणाची इंटरनेटची वायर चालते तेव्हा कॅमेरा चालत नाही. सगळी भोकं दिसायला सारखी असली तरी सगळ्यांतून चित्र जात नाही, हेही तेव्हाच समजलं.

मोठे डॉकही पाहिले. डॉक म्हणजे हबचाच थोरला भाऊ, स्वतःचा वेगळा अडॅप्टर घेऊन येणारा. सगळे जाणकार त्याचीच शिफारस करत होते. पण ते जाणकार जळगावात राहत नाहीत. आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात असा डॉक मान टाकतो. मग टीव्ही, कॅमेरा, इंटरनेट सगळं नव्याने जुळायला घेतो. टीव्ही आणि राउटरपुरता एक छोटा यूपीएस होता, त्यावर तिसरं काही पेलत नव्हतं. लॅपटॉपला बॅटरी असते, डॉकला नसते. म्हणून मी ठरवलं की हब लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा हवा, अंगाने धातूचा, आणि चार्जर त्या हबमधून न नेता लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात वेगळा लावायचा. वीज गेली काय, राहिली काय, हबला पत्ता लागायला नको.

तसा एक मागवला. तो आल्यावर दुपारभर त्याची परीक्षा घेतली. टीव्हीवर कुठलंतरी कीर्तन लावलं आणि मेन स्विच खाली-वर करत बसले. पंखा थांबायचा, इन्व्हर्टर खटकन वाजायचा, कीर्तनकाराचं वाक्य मात्र तुटायचं नाही. काकू म्हणाली, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मला राग आला. आबांसाठी मी अजून धड रडले नव्हते, आणि जे एक काम माझ्या हातात होतं ते मला नीट करायचं होतं. हबला हात लावून पाहिला. कोमट होता.

गंधमुक्तीच्या सकाळी मी हबच्या रिकाम्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि पाहुण्यांच्या मोबाइलसाठी ओट्यावर वेगळा बोर्ड मांडला. आईला दिसेल असा टीव्ही ठेवला. कॅमेरा असा लावला की दादाला आईही दिसेल आणि पागोटं ठेवायचा पाटही. दादा ठरल्या वेळी आला. त्याच्याकडे रात्र होती. आईने त्याला विचारलं, जेवलास का. तो हो म्हणाला. तिने परत विचारलं, तो परत हो म्हणाला. तिला बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती नुसती बघत होती. त्या दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. पूजा चालू असताना एकदा वीज गेलीसुद्धा. पंखे थांबले, लोकांनी वर पाहिलं, टीव्हीवर दादा होता तसाच होता. मला आतून इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

मग मामा पागोटं घेऊन उठले. ते पाटावर ठेवलं, कुंकू लावलं आणि टीव्हीकडे तोंड करून बसले. मामा गावातल्या बैठकीत बोलतात तशा मोठ्या आवाजात बोलले, पलीकडे कॅनडापर्यंत आवाज पोचायचा म्हणून असेल.

"बाप गया. आते घरना भार तुनावर. मायले संभाळशी ना? वरीसले येशी ना?"

आईला सांभाळशील ना, वर्षश्राद्धाला येशील ना, याला उत्तर एका शब्दाचं असतं. मामांनी बोट उचललेलं, आई पुढे वाकलेली. दादाने तोंड उघडलं. मग त्याने बाजूला पाहिलं. तिकडे कुणी होतं की नव्हतं, मला दिसलं नाही. तो "मामा..." म्हणाला, त्याचा हात पुढे आला, आणि तो गेला.

मी दिवसभर हेच काम करते. नेट जातं तेव्हा माणूस आधी थिजतो. त्याचा चेहरा अर्धवट राहतो, आवाज तुटतो, यंत्र त्याला परत जोडायचा प्रयत्न करतं. दादा थिजला नाही. तो स्वच्छ गेला, माणूस स्वतः बटण दाबून जातो तसा. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आलंही की या व्यक्तीने मीटिंग सोडली. आणि टीव्हीवर त्याच्या जागी आम्ही आलो. पाट, पागोटं, मामांची पाठ, कोपऱ्यात आई. हब चालू होता, वायर चालू होती, कॅमेरा चालू होता. सगळं इतकं व्यवस्थित चालू होतं की दोन क्षणांत कुणालाही कळलं असतं.

मी हात घालून टीव्हीची वायर उपटली.

"काय व्हयनं?" आईने विचारलं.

"डबी गेली, आई," मी म्हणाले. "परत गेली."

मामांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी लॅपटॉपशी झटापट करायचं नाटक केलं. दादाला परत बोलवायचं बटण माझ्या बोटाखाली होतं, मी ते दाबलं नाही. दाबून तो आला नसता तर मग काय केलं असतं? मामा उठले आणि चुलतभावाला पाटावर बसवून त्याला पागोटं बांधलं. तो रडत होता. त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं, आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण तिचं तोंड टीव्हीकडेच होतं.

जेवणाच्या पंगतीत माझी यथेच्छ चेष्टा झाली. एवढी शिकलेली, कॉम्प्युटरवर पोट भरणारी, आणि दोनदा फसली. मोबाइल लावणारा तो पाहुणा तर फारच खुशीत होता, कारण या वेळी त्याने काही केलं नव्हतं. काकू म्हणाली, स्वस्तातलं घ्यायला जातात आणि असं होतं. मी मान खाली घालून वरण-बट्टी खाल्ली. बोलायला गेले असते तर सगळंच बोलले असते.

दादाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. आईनेच घेतला. तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली की बाबा, डबी बिघडली, तुझा काही दोष नाही, मामांनाही मी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मग दादा म्हणाला, "हो ना. अचानकच गेलं सगळं." त्याच्या आवाजात जी सुटका होती ती ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. फोन मी घेतला नाही.

महिनाभराने कॅनडाहून खोकं आलं. आत डॉक होता, काळाभोर, आणि सोबत विटेएवढा त्याचा अडॅप्टर. मी नाकारली होती ती जात, वीज गेली की पहिली मान टाकणारी. मला वेगळा मेसेज होता, वर्षश्राद्धाला हा वापर, परत तसं व्हायला नको. त्याने हे लिहिताना काय विचार केला असेल, हे मी खूपदा मनात घोळवलं. त्याला खरंच वाटत असेल का की हब गेला? आपणच बोललेलं ऐकून ऐकून माणसाला तसं वाटायलाही लागतं.

आईने ते खोकं कुणाला हलवू दिलं नाही. शेजारपाजारच्या बायका आल्या की ती डॉक बाहेर काढते, पोराने पाठवला म्हणून सांगते, किती दुरून आला ते सांगते. तिच्या डोळ्यांना त्यावरची अक्षरं दिसत नाहीत, ती हातानेच चाचपते. परवा अशीच बायका गेल्यावर ती तो मांडीवर घेऊन बसली होती. मी कामातून उठून तिला चहा द्यायला गेले. तिने मला जवळ बसवलं आणि डॉक माझ्या हातात दिला.

"दख, कितली जड शे," ती म्हणाली. "आते तो जावाव नही ना?"

"नाही जाणार आता," मी म्हणाले.