चाळीस माणसांचं पातेलं

शुवैखच्या भांड्यांच्या दुकानातल्या दापोलीकडच्या चाचांना लिटरात बोललेलं आवडत नाही. गिऱ्हाईक कोणीही असो, ते आधी विचारतात, "किती माणसांचं?" मग पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून खोली बघतात, काठावर टिचकी मारतात आणि आवाज ऐकून मान हलवतात.

मला घरी गुपचूप बिअर करून बघायची होती. या आखाती देशात दारूला बंदी आहे; ते सापडलं तर नोकरी जाते, देशही सोडावा लागतो. म्हणून मी घरूनच पाठ करून गेलो होतो: बिर्याणी, चाळीस माणसं.

चाचांनी रुंद, बसकं पातेलं काढलं. मी म्हणालो, "उंच द्या ना. फेस वर येतो, उतू जाईल."

टिचकी मारणारा हात थांबला. "साहेब, बिर्याणीला फेस?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. चाचांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मोठं पातेलं फडक्याने पुसून पुन्हा फळीवर ठेवलं आणि एक लहानसं माझ्या हातात दिलं.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, बायको, मुलगी."

"मग तिघांचंच न्या," ते हळूच म्हणाले.

त्या पातेल्यात आजवर फक्त भात शिजलाय. तरी चाचा दर खेपेला विचारतात, "उतू नाही ना गेलं?" आणि उत्तर द्यायच्या आधी मी मागे वळून बघतो.