साफ खुर्ची

उस्मानभाई कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवायचे आणि मगच टेकायचे. बोट काळं झालं की घरच्या बाईला दाखवायचे. "वहिनी, हे माझंच हाय. माफी!" मग स्वतःच्या रुमालानं खुर्ची पुसून द्यायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा!

नारपोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं सायझिंग. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, ते काम. त्यासाठी बॉयलर पेटायचा, आणि त्यात लाकडापेक्षा चिंध्याच जास्त, कारण त्या स्वस्त. वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायचा. शेवटी एक दिवस मी उशीचा अभ्रा नेऊन त्यांच्या टेबलावर आपटला. गल्लीतल्या बायका पाठीशी होत्याच.

त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि हिशेब मांडला. "धूर पाण्यानं धुवायचं यंत्र येतं, पण लई महाग. चिंध्या सोडून चांगली लाकडं जाळली तर रोजचा खर्च वाढतो. चिमणी उंच केली तर एकदाच पैसा. आता तुम्हीच बोला, वहिनी, एका रुपयात सगळ्यात जास्त धूर कशानं जातो?"

"चिमणीनं!" आम्ही एका सुरात ओरडलो.

"सस्ता भी और अच्छा भी!" ते खूश. चिमणी उंच झाली, अभ्रे पांढरे राहू लागले आणि आम्ही त्यांना शाल-नारळ दिला. भाषण मीच केलं होतं.

त्यांची लेक रुबीना जवळच्याच राहनाळला दिलेली. त्याच हिवाळ्यात तिला खोकला लागला तो हटेचना. माहेरी आली की चार दिवसांत बरी व्हायची. "माझ्या गल्लीची हवाच तशी हाय," उस्मानभाई छाती फुगवून सांगायचे.

ईदनंतर त्यांच्या घरच्यांबरोबर मीही तिच्याकडे गेले. अब्बांना दारात पाहताच रुबीनानं धावत जाऊन ओढणीनं खुर्ची पुसली. ते बसले, पण बोट सवयीनं खुर्चीच्या हाताच्या खालच्या बाजूला गेलं. काळं निघालं. ते उठून गच्चीवर गेले. समोर आमची चिमणी दिसत होती आणि तिचा धूर आमच्या गल्लीला ओलांडून थेट इकडे उतरत होता.

"कधीपासून, बेटा?"

"गोदामाच्या ट्रकांची धूळ असंल, अब्बा. जाऊ द्या ना," ती म्हणाली आणि खोकत राहिली.

त्या दिवशी त्यांनी बोट कुणाला दाखवलं नाही. मुठीत धरून बसले. मला मान वर करवेना.

परतल्यावर त्यांनी माझ्याच घरी गल्ली जमवली. "हिशेब मी अर्धाच केला. धूर गेला न्हाय, फक्त आपल्या गल्लीतून गेला. यंत्राचे पैसे उभे करतो. तोवर चिमणी होती तेवढी करतो. माझा धूर माझ्या दारात राहू दे."

सगळ्यांत आधी बोलले ती मीच. रुबीनाच्या हातचा शीरखुर्मा अजून जिभेवर होता माझ्या! "अहो, आणि आमचे कपडे?"

उस्मानभाईंनी माझ्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं. "लई साफ हाय तुमची खुर्ची, वहिनी," एवढंच म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटलाच नाही; धूर ना आमच्याकडे, ना रुबीनाकडे. कामगारांना बसून पगार दिला, घराचा वरचा मजला विकला, यंत्र बसवलं, चिंध्या कायमच्या बंद केल्या, तेव्हाच तो पुन्हा पेटला. गल्लीनं त्यांना शब्दानं अडवलं नाही की हातभार लावला नाही. शाल तर दूरच. लाज वाटते, दुसरं काय!

उस्मानभाई गेल्या साली गेले. रुबीनाचा खोकला आता उरला नाही. माहेरी आली की माझ्याकडे हमखास येते, आणि ती दारात दिसली की मी पदरानं खुर्ची पुसायला धावते.

"कशाला काकी? साफ तर हाय," ती हसून म्हणते. तेवढं एक वाक्य मला ऐकवत नाही.