पायरीवरून परतणारा माणूस

ते प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते. लढाईचे दिवस होते. जबलपूरचे कारखाने तिन्ही पाळ्या चालत आणि ओमतीच्या आमच्या ठाण्यात लोक रोज कोणीतरी हेर पकडून आणत. बहुतेक वेळा तो फेरीवाला निघे. ठाण्यात बाई हवालदार मी एकटीच, म्हणून बायकांच्या चौकशा माझ्याकडे येत.

एक दिवस एक घरमालकीण आली. "दीदी, माझ्या वरच्या खोलीत एक बाई राहते. नवरा फौजेत आहे म्हणते. पण दर रविवारी एक माणूस येतो, पायरीवर उभा राहून पुडकं देतो अन् निघून जातो."

"आत नाही येत?"

"तेच तर! आत आला असता तर समजलं असतं काय आहे ते. हा बाहेरच काहून उभा राहतो?"

रविवारी आम्ही त्याला पायरीवरच धरले. पुडक्यात औषधाची बाटली आणि गोळ्या होत्या. खिशात दारूगोळ्याच्या कारखान्याचा गेटपास निघाला, त्यामुळे प्रकरण वाढले.

ठाण्यात दोन तास विचारले. "ती माझी बायको आहे," एवढेच तो म्हणे.

"बीवी है तो अंदर क्यों नहीं जाता?" ठाणेदार साहेब ओरडले. खोटे बोलणारा पुष्कळ बोलतो. हा बोलतच नव्हता. तरी साहेब कारखान्याला कळवायला निघाले. कळवले असते तर गेटपास गेला असता, म्हणजे नोकरीच.

तेवढ्यात ती बाई स्वतः आली. तिला दमा होता, धाप लागली होती. तिने कोर्टाचा कागद माझ्यापुढे ठेवला. "दीदी, तो खरं बोलून राहिला."

कागद ठाण्याचे लेखनिक मुन्शीजी यांनी वाचून सांगितला. नवरा मारहाण करी म्हणून कोर्टाने तिला वेगळे राहायची मोकळीक दिली होती. लग्न मोडले नव्हते. मारहाणीचे सांगावे लागू नये म्हणून तो गप्प होता, ते आता कळले. मला तोवर दोनच गोष्टी माहीत होत्या, नांदणे किंवा सोडचिठ्ठी.

"मारत होता तर सोडचिठ्ठीच काहून नाही घेतली?"

"मला दुसरं लग्न करायचं नाही. याच्या घरात राहायचंही नाही. तेवढ्याला हा कागद पुरतो. अन् बायको आहे तोवर कारखान्याच्या दवाखान्यातून माझं औषध मिळते. तो आणून देतो. उंबरा ओलांडायचा नाही, हे मीच सांगितलं आहे."

"मग फौजेत आहे असं खोटं काहून सांगितलं?"

"नाहीतर मला खोली कोण देते, दीदी?"

साहेबांनी त्याला सोडले. ठाण्याच्या रोजनाम्यात 'पती-पत्नी, संशय नाही' अशी नोंद झाली. मी घरमालकिणीकडे गेले आणि तिची शंका पुरती मिटावी म्हणून सगळे सांगून टाकले.

"म्हणजे नवरा गावातच, अन् ही वेगळी?" ती म्हणाली. "हेर असती तर तुम्ही नेली असती. आता मलाच हिला काढावं लागेल."

मी कायदा समजावला, ठाण्याचा धाकही घातला. तरी चार दिवसांत खोली रिकामी झाली.

खरे शोधून काढणे हे पोलिसाचे काम. ते कोणाला सांगू नये, हेही त्याचेच काम आहे, ते मला कोणी शिकवले नव्हते. माणूस तपासला, तो हेर नाही, एवढेच सांगून मी पायरीवरूनच परतायला हवे होते. बाकीचे विचारायचा त्या घरमालकिणीला हक्क नव्हता आणि सांगायचा मला नव्हता.