टकटक काका

टकटक काका कुणाच्याही घरी गेले की आधी लाकडाची विचारपूस करत. प्रताप नगरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा एकदा त्यांना आणि काकूंना चहाला बोलावलं. बसण्याआधी काकांनी खुर्चीच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवलं, कान लावला आणि म्हणाले, "ठणठणीत हाये. बसाले हरकत नाही." आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांचा डावा डोळा कायमचा मिटलेला होता, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काका हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म लेथवर लोखंड कातण्यात गेलेला. रिकामं बसवेना, म्हणून परसातल्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी लाकूड कातायचं छोटं मशीन बसवलं. भोवरे, लाटणी, डब्या असं काहीबाही करत. लाकूड मात्र कधी विकत आणलं नाही. वादळात पडलेली बाभूळ, रस्ता रुंद करताना तोडलेला शिसव, कुणाच्या अंगणात वाळून गेलेला पेरू, सगळं स्कूटरला बांधून घरी येई.

मला एकदा त्यांनी ओंडका दाखवला होता. "ह्या टोकातून पाणी लवकर उडते, मंग लाकूड चिरते. म्हणून टोकाले मेण लावाचं अन् सावलीत ठेवून विसरून जाचं. घाई केली का..." एवढं बोलून ते थांबले, आणि आमच्या नळाला पाणी येतं का, ते विचारू लागले.

राहिलेलं मला काकूंनी सांगितलं. त्या घरी ब्लाउज शिवत. त्यांना सुया ठेवायला एक डबी करून द्यायची काकांनी ठरवलं होतं. काटोलकडच्या एका मित्राने बागेतली संत्र्याची म्हातारी झाडं काढली होती; ते पिवळसर, नितळ लाकूड काकांच्या मनात भरलं. पण लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला. त्यांनी ते पुरतं वाळू दिलं नाही. आत केसाएवढी भेग होती. लाकूड मशीनवर गरगरत असताना काकू चहा घेऊन शेडच्या दारात आल्या, आणि तुकडा उडाला.

त्यानंतर काकांनी मशीनवर ताडपत्री टाकली. रोज सकाळी ते काकूंच्या सुयांत दोरे ओवून ठेवत आणि दिवसातून कधी तरी म्हणत, "माहं चुकलं. मले माफ कर वं." काकूंचं उत्तर ठरलेलं होतं. "मी रागावलीच नाही, तं माफ काय करू?" हे मी स्वतः कितीदा ऐकलं. उत्तर ऐकल्यावर काका मान हलवत, त्यांचा चेहरा मात्र कुणी दार न उघडल्यामुळे बाहेरच राहिलेल्या पाहुण्यासारखा होई.

शेवटी काकूंनीच ताडपत्री ओढून काढली. मी तेव्हा भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते.

"मशीन झाकून ठेवल्यानं डोळा वापस येणार हाये काय?"

"माह्यानं नाही होत आता."

"मंग मले शिकवा."

आणि काकू खरंच शिकल्या. तोंडावर जाड, पारदर्शक प्लास्टिकचा मुखवटा, हातात पटाशी. लाकूड निवडायचं काम काकांचं. एकेक तुकडा ते उन्हात फिरवून बघत, वाजवत, नखाने खरवडत. हा नको, तोही नको. नाकारलेल्या लाकडांवर त्यांच्याकडचा बंब उन्हाळ्यातही पेटू लागला. काकू वैतागत, "तुमच्या मनासारखं झाड अजून उगवलंच नाही!" मशीन सुरू असेपर्यंत काका बटणावर हात ठेवून उभे असत. काकूंचा पहिला भोवरा एका बाजूला लंगडत फिरला. गल्लीतल्या सगळ्यांनी तो फिरवून पाहिला. त्या दिवशी काकांना मी पहिल्यांदा मनमोकळं हसताना पाहिलं. संध्याकाळी मात्र पुन्हा तेच. "माफ कर वं."

गेल्या हिवाळ्यात काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलणं धड उमटत नव्हतं. तरी त्यांनी काय मागितलं ते काकूंना कळलं. त्यांनी पांघरूण सारखं केलं आणि नेहमीचंच उत्तर दिलं. पहाटे काका गेले.

पुष्कळ दिवसांनी मी शेडमध्ये गेले, तेव्हा काकू मशीनपाशी नुसत्या बसून होत्या. मला पाहून म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलली, पोरी. मले राग नव्हताच आला. पण त्याईले तेवढंच पाहिजे होतं. 'केलं माफ', एवढं म्हणून टाकलं असतं तं माहं काय गेलं असतं?"

"काकू, त्यांना कळलं असेल," मी म्हणाले.

"नसन कळलं," त्या म्हणाल्या. "कळलं असतं तं रोज रोज विचारलं असतं काहून?"