लिफ्टवरची गाडी

नातवंडांनो, तुमच्या बाबांनी परदेशी जाताना गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर चढवून ठेवली, टायर बसू नयेत म्हणून. दर तीन महिन्यांनी अमळनेरचा एक मेकॅनिक येऊन ती बघतो. चपला बाहेर काढतो, उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते तपासतो आणि अधांतरी चाकांना हाताने एकेक गिरकी देतो. चहाला कधी नाही म्हणत नाही.

परवा मी म्हटलं, "भाऊ, दिवाळीला सगळे येणार आहेत. गाडी खाली उतरवा."

"मागना सालभी तुम्ही हाईच बोलनात, अक्का," तो हात पुसत म्हणाला. "येवानं ऱ्हातं ते गाडी खालेच ऱ्हाती."

म्हणजे, यायचंच असतं तर गाडी खालीच ठेवली असती. मी गाडी वरच राहू दिली. त्याला चहा दिला नाही. खोटं बोलला असता, तर दिला असता.